इंदूचा धुरा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्जच, आणि तेही बाबांनी कोणाला तरी चहा पाजून लिहून घेतलेले. स्वतःचा अर्ज स्वतः लिहिणारा घरातला मी पहिला. एवढ्या भांडवलावर लेख लिहायला बसणं जरा जास्तच होतं, हे मला कळतं. परीक्षेत निबंधाला मुद्दे दिलेले असतात. इथं मला एकच मुद्दा सुचतो आणि तोही माझ्या विरुद्ध जातो. तरी लिहितो. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

संक्रांतीनंतरचे हे दिवस परत आलेत. तुरी कापून झाल्यात, कापसाची शेवटची वेचणी सुरू आहे, सकाळी धुकं आणि दुपारी अंगाला टोचणारं ऊन. यवतमाळला मी ज्या अभ्यासिकेत टीईटीचा अभ्यास करतो, तिच्या खिडकीतून पांढरकवड्याचा रस्ता दिसतो. गेल्या आठवड्यात तिथं एक पिकअप चहासाठी थांबली होती. मागच्या हौद्यात माणसं, गाठोडी, चुलीवर काळे पडलेले गंज-पातेली, पाय बांधलेली एक कोंबडी, आणि गाठोड्यांवर बसलेली चार लेकरं. तेलंगणात मिरची तोडायला निघालेली माणसं होती ती. बाजूला बसणारा मित्र म्हणाला, "काय पाहून राह्यला बे? अभ्यास कर." मी खाली उतरलो आणि गाव विचारलं. दुसऱ्याच तालुक्यातले होते. तरी चारही लेकरांचे चेहरे मी एकेक करून पाहून घेतले. त्यातली एक पोरगी आईला म्हणाली, "हा काहून पाह्यते आपल्याले?" आई म्हणाली, "पाहू दे, तुयं काय नेते?" गाडी गेली. मी वर येऊन बसलो आणि पुस्तकाचं एकच पान संध्याकाळपर्यंत वाचलं.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी डी.एड.च्या इंटर्नशिपला मुकुटबनच्या पुढच्या एका गावात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. दोन खोल्यांची शाळा, समोर एक मोठा कडुनिंब, मागं तुरीचं वावर. वावराच्या पलीकडे कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. पोडातली लेकरं तुरीतून वाट काढत शाळेत यायची, तेव्हा त्यांच्या केसांत वाळकी पानं अडकलेली असायची आणि खिशात भाजलेल्या शेंगा. दुसरीच्या वर्गात चौदा लेकरं. वर्गशिक्षिका राठोड मॅडम दारव्ह्याकडच्या, नोकरीची वीस वर्षं याच भागात काढलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बस बाबू. पण लेकरं खाली बसतात तिथं बसशील तर जास्त शिकशील."

शाळेला कुठून तरी एक टीव्ही आणि चार टॅब मिळालेले होते. ते कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेले. कॉलेजात आम्हाला एक ऑनलाइन पाटी शिकवली होती. एकाच पाटीवर अनेकांनी, आपापल्या जागेवरून, एकाच वेळी लिहायचं, चित्रं काढायची. ज्यानं पाटी उघडली त्याचा रंगीत बाण त्याच्या नावासह सगळ्यांना फिरताना दिसतो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला मी हे फार उत्साहानं समजावून सांगितलं. ती कापसाचं बोंड सोलत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे कोणीबी, कुठूनबी, एकाच पाटीवर लिहीन?" मी म्हटलं, हो. "मंग पुसन कोण?" मी हसलो. बाबाही हसले.

पहिला दिवस आठवतो. मॅडमच्या मोबाइलचं इंटरनेट, चार टॅब, एकेका टॅबवर तीनचार डोकी आणि समोर टीव्हीवर पांढरीशुभ्र पाटी. पाच मिनिटांत रडारड झाली.

"सर, माया बैल खोडला यानं!"

"म्या नाही खोडला. त्याचा बैल माया घरात आला."

"मंग घर कायले काढलं तथी? तथी बैल होता पहिलेच!"

चौदा लेकरं आणि एक जागा. कोणाचं काय हेच कळेना. मी कॉलेजात शिकलो होतो तसं म्हणालो की ही पाटी सगळ्यांची आहे, मिळून वापरायची. कोणी ऐकलं नाही. तेव्हा गौरव नावाचा एक पोरगा, ज्याच्या वडिलांचं वावर शाळेला लागूनच होतं, कंटाळून म्हणाला, "सर, धुरे घाला ना बावा. मंग कोणी कोणाच्या वावरात जात नाही."

दोन वावरांच्या मधला जो मातीचा बांध, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. गौरवनं टॅब घेतला आणि मातकट रंगानं पाटीवर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. वाकड्या होत्या, खऱ्या धुऱ्यांसारख्याच. भांडणं त्या दिवशी थांबली. प्रत्येकानं आपापलं वावर घेतलं. कोणी कापूस लावला, कोणी तूर, यशनं वावरभर एक मोटरसायकल उभी केली. दुसऱ्याच्या वावरात काही काढायचं तर आधी ओरडून विचारायचं, "येऊ का रे?" आणि मालकानं "ये" म्हटल्याशिवाय बाण धुऱ्याच्या पलीकडे न्यायचा नाही. हा नियम मी केला नाही. मोठ्यांना पाहून लेकरांनीच केला. कोणाचा बैल हद्द ओलांडून आलाच तर, "नेतो याले कोंडवाड्यात!" म्हणून त्याला कोपऱ्यातल्या चौकोनात नेऊन ठेवायचे आणि मालकानं हात जोडल्यावर सोडायचे. मॅडमना हसू आवरत नसे.

एक पोरगी तेवढी टॅबला हात लावत नव्हती. इंदू. पोडातली, सात वर्षांची, बारीक, कमरेवर कायम धाकटा भाऊ. तो वर्गातही यायचा आणि तिच्या मांडीवर झोपायचा. मी विचारलं, "इंदू, तुझं वावर कुठलं?"

"आमाले वावर नाही सर."

"इथं आहे ना. हे बघ, हा कोपरा रिकामा आहे. हे तुझं."

तिनं मान हलवली. "नाही. आमचं नाही ते." मग बराच वेळ टीव्हीकडे पाहून म्हणाली, "मी धुऱ्यावर काढू? धुऱ्यावर कोणी काही म्हणत नाही."

आणि तिनं धुऱ्यावर काढायला सुरुवात केली. बोटाएवढ्या रुंद त्या मातकट पट्टीवर बोरीचं झाड काढलं. मुंग्यांचं वारूळ. शेंदूर लावलेला दगड. बकरी आणि तिचं पिल्लू. तरोट्याची भाजी खुडणारी बाई, ही माय म्हणे. बिळातून अर्धी बाहेर आलेली घोरपड. रोज थोडं थोडं. महिनाभरात वावरांत जेवढं नव्हतं तेवढं धुऱ्यांवर झालं. ज्यांची वावरं होती त्यांनी एकेक पीक लावून सोडून दिलं होतं. मग तेच टॅब घेऊन तिच्याजवळ यायचे. "इंदू, माया धुऱ्यावर साप काढ ना." "मायावाल्यावर बोरी पाह्यजे." ती विचारायची, "पिकल्या का कच्च्या?"

हे पाहताना मला का भरून यायचं ते त्या वेळी नीट कळलं नाही. आमचंही वावर नाही. मी चौथीत असताना आई मला वेचणीला सोबत न्यायची. कापसाचं ओझं बांधून झालं की आम्ही जेवायला बसायचो ते धुऱ्यावरच, बाभळीच्या तुकडाभर सावलीत. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बोटांना बोंडाच्या टरफलाचे ओरखडे, त्यामुळे ठेचा लागला की बोटं आधी झोंबायची आणि मग तोंड. एक दिवस आमचे गुरुजी सायकल धुऱ्याला टेकवून आले. अंगावर शाळेत घालायचे कपडे तसेच, त्यांच्या पायांत काटे. आईला म्हणाले, "ताई, हे पोरगं मले उद्या वर्गात पाह्यजे." एवढंच बोलले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आईनं मला पाठवलं. मी आज जो काही आहे तो त्या एका वाक्यामुळं. आणि इंटर्नशिपला निघताना मनात एवढंच होतं की आपणही असं कोणासाठी तरी धुऱ्यापर्यंत जावं. मोठं बोलतोय, माफ करा. पण खरंच तेवढंच होतं.

संक्रांत झाली आणि पोडात गाडी आली. इंदूचे वडील, पोचूभाऊ, दरवर्षी मिरचीला जायचे. त्या वर्षी आजी वारली होती, म्हणून लेकरांना मागं ठेवायला कोणी नव्हतं. मॅडम मला व्हरांड्यात म्हणाल्या, "हे जे जाते ना बाबू, त्यातले काही जूनमध्ये वापस येतच नाही. तिकडंच वीटभट्टीवर नाही तर कोणाच्या वावरात राहून जाते. हिचं नाव मी पटावरून काढत नाही. पण नाव ठेवून पोट्टी येते का?"

मी पोडावर गेलो. पोचूभाऊंच्या मोबाइलची काच तडकलेली होती, पण पाटी उघडत होती. इंदूला दोन वेळा करून दाखवलं. इथं दाबायचं, मग पाटी येते, मग बोटानं काढायचं. पोचूभाऊ म्हणाले, "हे पाहून वर्ग चालते का सर?" मी म्हणालो, "वर्ग नाही चालत भाऊ. पण तिला वाटत राहील की आपली शाळा आहे. जूनमध्ये आणाल ना?" ते म्हणाले, "शाळा आहे तर आणीन ना. शाळेसाठीच तर आणीन, नाही तर इथं काय ठेवलं?"

इंदूनं विचारलं, "माया धुरा कोणी मोडन तर?"

"कोणी हात लावणार नाही. मी आहे ना."

ती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, टीव्हीवर एक नवा बाण आला. त्यावर नाव होतं पोचू. वर्ग उभाच राहिला. "इंदू आली! सर, इंदू आली!" बाण थरथरत होता. एका धुऱ्यावर येऊन थांबला आणि तिथं एक लाल ठिपका उमटला. मग दुसरा. मग ओळीनं. मिरच्या. लेकरं पाटीवर आपल्या आपल्या वावरातून बाण नाचवत तिला बोलावू लागली, आणि ती अशी चालत चालत, एकाही वावरात न शिरता, धुऱ्याधुऱ्यानं सगळ्यांपर्यंत जाऊन आली. बाण मधेच थांबायचा. मॅडम म्हणाल्या, "मिरची तोडून हात जळत असन. त्याच हातानं डोळे चोळू नको म्हणावं बाई." कोणी म्हणावं आणि कसं? तिला अक्षरं अजून जोडून वाचता येत नव्हती. गौरवनं एक डोळा काढला आणि त्यावर फुली मारली. कळलं असावं. बाण त्या डोळ्याभोवती गोल फिरला.

ते पंधरा-वीस दिवस. शाळेमागचं वावर मोकळं झालेलं, त्यात तुरीचे खुंट, वाऱ्यावर उडणारा भुसा, दूर कुठंतरी मळणी यंत्राची घरघर. लेकरांच्या नाकातोंडात भुसा, आणि एक वाजत आला की सगळ्यांचं लक्ष टीव्हीकडे. कधी बाण यायचा, कधी नाही. आला की काहीतरी मागं ठेवून जायचा. मिरचीचं पोतं. ताडपत्रीची झोपडी. झोळीत झोपलेला भाऊ. एकदा तिनं काहीच काढलं नाही. बाण वारुळाजवळ बराच वेळ नुसता उभा राहिला. लेकरंही गप्प बसून राहिली. कोणीतरी हळूच म्हणालं, "बसली असन."

आता ते लिहितो, जे लिहायला मी दोन वर्षं टाळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी आमचे मार्गदर्शक पाहणीला येणार होते. फाइलला पाटीचे फोटो लावायचे होते, त्याला गुण होते. मी मुकुटबनला भाड्याच्या खोलीवर लॅपटॉप उघडून बसलो. पाटी फोटोत घाण दिसत होती. वाकड्या मातकट रेघा, त्यांवर खच्चून भरलेली चित्रं, वर लाल ठिपके. मला त्या क्षणी ते पाहुण्यांच्या डोळ्यांनी दिसलं. वाटलं, म्हणतील याला वर्ग सांभाळता येत नाही. मी सगळे धुरे एकदम निवडले आणि काढून टाकले. त्यांवर काढलेलं सगळं त्यांच्यासोबत गेलं. मग सरळ रेषांचे सुबक चौकोन केले आणि प्रत्येकात टाइप करून नाव टाकलं. तेरा चौकोन झाले. चौदाव्या नावाचं वावर नव्हतंच, त्यामुळे मोजतानाही ते माझ्या लक्षात आलं नाही.

ज्यानं धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली त्यानं हे केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजून घेता आलं असतं.

सकाळी टीव्ही लावला. गौरव म्हणाला, "सर, धुरे कुठं गेले?" मग यश म्हणाला, "सर, इंदूचं?" मी लॅपटॉपवर मागं जाण्याचं बटण दाबत राहिलो. पाटी फुकटातली होती, जुनं काही साठवून ठेवत नव्हती. मी घाईनं एक मातकट रेघ ओढली, तिच्यावर बोरीचं झाड काढायला गेलो. मला येईना. तेवढ्यात बाण आला.

तो आधी जिथं वारूळ होतं तिथं गेला. मग खाली, जिथं शेंदराचा दगड होता. मग पुन्हा वर. चौकोनांच्या मधे जागा उरलीच नव्हती, रेषेला रेषा लागून होती. बाण प्रत्येक चौकोनाच्या कडेपर्यंत यायचा, थांबायचा आणि मागं फिरायचा. लेकरं ओरडत होती, "ये ना इंदू! माया वावरात ये! ये!" तिला ते ऐकू येत नव्हतं. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, इंदू, सरांची चूक झाली. बाण त्या अक्षरांजवळही आला. मग नाहीसा झाला.

त्यानंतर तो कधी आला नाही. पोचूभाऊंचा नंबर आधी लागत नव्हता, मग तो नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येऊ लागलं. पाहणी छान झाली. मार्गदर्शकांनी सुबकपणाचं कौतुक केलं. पळस फुलले होते तेव्हा माझी इंटर्नशिप संपली. लेकरांनी मला बोरं दिली, खिसा भरून. गौरवनं विचारलं, "इंदू येईन ना सर जूनमध्ये?" मी म्हणालो, येईल.

जूनमध्ये मॅडमना फोन केला. नाही आली. दिवाळीनंतर केला. नाही. पुढच्या जूनमध्ये केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तू इचारत जाऊ नको बाबू, मी सांगीन." मी स्वतःला समजावत राहिलो. रिचार्ज संपला असेल, मोबाइल फुटला असेल, तिकडं काम चांगलं मिळालं असेल. एका पाटीवरची रेघ पुसली म्हणून कोणाचं गाव बदलत नाही. असं मी स्वतःला कितीदा सांगितलं, त्याचा हिशेब नाही. अभ्यासिकेत बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवताना उत्तरं बरोबर येतात. सराव परीक्षेत मला चांगले गुण पडतात.

काल दुपारी मॅडमचा फोन आला. पोचूभाऊ एकटेच गावात आले होते, नात्यातल्या मयतीला. मुकुटबनच्या बाजारात मॅडमना दिसले. मॅडमनी त्यांना तिथंच अडवलं आणि विचारलं, पोरीले काहून नाही आणलं?

"तो काय म्हणे माहीत आहे?" मॅडम म्हणाल्या. "तो म्हणे, शाळा तर उठली ना मॅडम. मी म्हटलं, कोणं सांगतलं? तो म्हणे, इंदूनं. म्हणे रडत रडत आली आन सांगतलं, बा, सरनं धुरे मोडले, वावर इकलं, आता आपली शाळा नाही राह्यली. त्या साली कमी पटाच्या शाळा बंद होणार असं सगळेच बोलून राह्यलते. त्याले खरंच वाटलं. मंग वापस कायले यायचं, म्हणून तिकडंच राह्यले. पोट्टी आता मिरची तोडते. भावाले पाह्यते."

मी विचारलं, "तुम्ही सांगितलं ना त्यांना, शाळा आहे म्हणून?"

"सांगतलं ना. म्हटलं, भाऊ, शाळा आहे, आत्ता चाल, दाखवतो. तिचं नाव पटावर आहे." मॅडमचा आवाज बारीक झाला. "मंग म्हणे, मॅडम, हे तिले कळू देऊ नका. लय मुश्किलीनं इसरली ते."